वायदंड्याचं कच्चं कातडं

पहिलं पान फुटलं तेव्हा मी गिरणीत गव्हाचा डबा ओतत होते. जत्रेचा दिवस, घरोघरी पोळ्यांचा नैवेद्य, त्यामुळं सकाळपासून दळणाची रांग लागलेली. गिरणीच्या घरघरीतही तो आवाज मला ऐकू आला. मला वाटलं, पोरांनी फटाका लावला. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि तिसऱ्याला मी डबा खाली ठेवला. आवाज रस्त्यावरून येत नव्हता. गिरणीमागच्या पत्र्याच्या शेडमधून येत होता, आणि त्या शेडमध्ये आमचे अकरा ढोल होते.

मोटार बंद केली आणि पिठाच्या हातांनीच मागं पळाले. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी धग आली. चैत्राचं ऊन आणि वर नुसता पत्रा. ढोलाच्या तोंडावर जे कातडं ताणलेलं असतं त्याला आम्ही पान म्हणतो. तीन ढोलांची पानं मधोमध चिरली होती. मी बघत असताना माझ्या डोळ्यांदेखत चौथं गेलं. मी आणि रांगेतल्या बायांनी मिळून ढोल भराभर बाहेर कडुनिंबाखाली आणले, पण आणेपर्यंत आकडा सातावर गेला. उरले चार.

चार ढोलांनी आमचं काही भागणार नव्हतं, कारण देवधरसरांनी दहाची अट घातली होती.

हे सांगते, म्हणजे कळेल. कृष्णाकाठच्या आमच्या रेठवड्यात चैत्रात भैरोबाची पालखी दुपारी चारला निघते आणि नदीवर जाते. पुढं ढोलपथकं असतात, सगळी गड्यांची. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, आमच्या बचतगटातल्या तेरा बायांनी ठरवलं की आपणही वाजवायचं. देवधरसर म्हणजे हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर आणि जत्रा कमिटीचे अध्यक्ष. माणूस शिकलेला, त्यामुळं नाही म्हणाले नाहीत. त्यांनी नियम केला. नव्या पथकाचे साडेतीनच्या ठोक्याला देवळाच्या दारात किमान दहा ढोल हजर पाहिजेत. एक जरी कमी भरला तर त्या पथकाचं नाव यादीतून कायमचं बाद. जुन्या पथकांना असला नियम कधी नव्हता. गावातलं सगळ्यात मोठं पथक विलास डुबलचं, तीस ढोलांचं. तो मला भर पारावर म्हणाला, "वहिनी, ढोल म्हणजे घागर नव्हे, कमरेवर घेतली की झालं." मी म्हटलं, तुम्ही एकदा भरलेली घागर घेऊन नदीवरून या, मग बोलू. मला बोलायला कधी कुणाची भीती वाटली नाही. गिरणीवर दिवसभर ओरडून बोलायची सवय, त्यात कणसेंच्या घरात तीन दिरांत थोरली सून.

पण ढोल आणायचे कुठून? तालुक्याच्या दोन दुकानदारांनी आम्हाला, घरातलं कुणी गडीमाणूस घेऊन या, असं सांगून परत पाठवलं. शेवटी आम्ही गावातल्याच एसटी स्टँडमागच्या दगडूअण्णा वायदंडेंकडं गेलो. ढोल, ताशा, हलगी, लेझीम, सगळं त्यांच्याकडं मिळायचं आणि तिथंच दुरुस्त व्हायचं. अण्णांनी काही विचारलंच नाही. एकेका बाईच्या कमरेला ढोल बांधला आणि समोरच्या हापशापर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं. ढोलाकडं बघायचेच नाहीत, बघायचे टाचांकडं. माझी जाऊ परत आली तेव्हा म्हणाले, हिची टाच उचलतेय, हिला बारका द्यायचा. असं करत अकरा ढोल आणि दोन ताशे काढून दिले. कागद नाही, सही नाही, जत्रा झाली की बोलू म्हणाले. वर दोन महिने दर रविवारी गिरणीमागं येऊन आम्हाला हात शिकवले. आणि दर रविवारी जाताना एकच गोष्ट सांगायचे. वाजवून झालं की पहिल्यांदा दोऱ्या ढिल्या करायच्या, पाणीसुद्धा नंतर प्यायचं.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा सराव झाला. ढोल असे बोलले की अंगावर काटा आला. नंदा घाडगे म्हणून आमची ताशेवाली, अंगणवाडीत शिकवायची, ती दोऱ्या सोडायला वाकली. मी तिला थांबवलं. म्हटलं, उद्या अकरा ढोल पुन्हा ताणायचे म्हणजे तास जाईल, मला दळणं आहेत, तुम्हाला पोळ्या आहेत. असेच राहू दे, उद्या तयार मिळतील. नंदा म्हणाली, अण्णांनी सांगितलंय. मी म्हटलं, अण्णांना पोळ्या लाटायच्या नाहीत. पथकाची प्रमुख मी. विषय संपला.

तर आता कडुनिंबाखाली सात फुटके ढोल होते आणि दुपारचे बारा वाजायला आले होते. नंदा सायकलवरून अण्णांना बोलवायला गेली. तोवर बातमी गावभर झाली. विलास डुबल दोन पोरं घेऊन हजर. मागोमाग देवधरसर, हातात कमिटीची वही. सरांनी ढोल मोजले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चार भरतायत, शालनबाई. दहा लागतात." डुबल नुसता मिशीत हसत होता, आणि ते जास्त लागत होतं.

अण्णा आले त्यांच्या एम-एटी गाडीवरून. एक ढोल मांडीवर घेतला, चिरलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, कातडं नाकाला लावून बघितलं. मग दोरीची गाठ बघितली. दुसऱ्या ढोलाची गाठ बघितली. तिसऱ्याची. नंतर मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग उठले आणि सरांकडं वळले.

"कातडं कच्चं होतं," अण्णा म्हणाले. "यांचं काही चुकलं नाही. माझ्याच हातून खराब माल गेला."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कारण ते ऐकल्यावर माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि धोंडा उतरल्याबरोबर तोंड सुटलं. दोन महिन्यांची मेहनत, घरादाराची बोलणी, हाताचे फोड, सगळं त्या माणसावर काढलं. चारचौघांत, डुबलसमोर, सरांसमोर. "बायका म्हणून सडका माल गळ्यात मारलात काय आमच्या?" असं म्हणाले मी. नंदानं माझं कोपर दाबलं. मी तिचा हात झटकला. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि सरांना सांगितलं की माल त्यांचा, तर भरपाईही त्यांचीच. साडेतीनला ढोल कमी भरले तर जाब त्यांना विचारायचा, बायकांना नाही.

ओल्या कातड्याचं नवं पान चढवून वाळवायला दोन दिवस लागतात, एवढं मलाही ठाऊक होतं. पण अण्णांच्या गाडीला पोत्यात बांधून आणलेली तयार पानं होती, कड्यावर चढवून वाळवलेली, दहा. ती पोत्यातून निघाल्याबरोबर डुबलचं हसू गेलं.

"अण्णा, ती पानं आमची आहेत. महिन्याआधी सांगून ठेवलेली."

"तुमचीच आहेत. पण तुमचे ढोल धड आहेत, यांचे फुटलेत."

"मग आजपासून डुबलच्या पथकातला एक माणूस तुमच्या दारात येणार नाही."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि पहिली दोरी सोडायला बसले.

तीन तास आम्ही ते काम केलं. दोन बायकांनी ढोल धरायचा, तिसरीनं पाय रोवून दोरी ओढायची, अण्णांनी गाठ मारायची. पोळ्या घरी तशाच राहिल्या. माझी सासू बघायला आली आणि तिनंही एक दोरी ओढली, याचं मला आजही नवल वाटतं. मी अण्णांशी एक शब्द बोलले नाही. घुश्शातच होते. ते मात्र मला कामापुरतं सांगत होते, शालन, इकडं धर. शालन, अजून थोडं. साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना देवळाच्या दारात आम्ही अकराच्या अकरा उभ्या होतो. सरांनी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजताना मी म्हटलं, तिसऱ्यांदाही मोजा सर, आम्ही कुठं पळून जात नाही.

आणि वाजवलं. काय वाजवलं! नंदाच्या ताशानं तोंड उघडलं आणि अकरा ढोल एका दणक्यात पडले, तेव्हा पालखीपुढची माणसं आपसूक मागं सरली. पेठेतल्या माड्यांवरून ज्या बायका नेहमी पदरामागून बघायच्या त्या कठड्यावर ओणवून बघत होत्या. एक पान फुटलं नाही. एक हात चुकला नाही. चुकला असला तर मला कळला नाही, आणि मला त्याचं काही वाटतही नाही.

नदीवर पोचलो तेव्हा घसे कोरडे पडले होते. पोरी ढोल ठेवून पाण्याकडं धावल्या. अण्णा पायरीवर बसलेले होते. म्हणाले, "आधी ढोल. मग पाणी." सगळ्या निमूट परत आल्या आणि दोऱ्या सोडू लागल्या. माझा ढोल अण्णांनीच पुढं ओढून घेतला. गाठीवर अंगठा ठेवला, दुपारी चिरलेल्या कडेवर फिरवला होता तसाच, आणि गाठ सोडली. दोरी ढिली झाली तसं पान हलकंसं वाजलं. त्या वेळी मला कळलं की या माणसाला दुपारीच सगळं समजलं होतं. फुटक्या ढोलाची दोरी जर ताणलेली असेल तर तो कसा फुटला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी शेजारी बसले. म्हटलं, "अण्णा, कातडं कच्चं नव्हतं."

"नव्हतं," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता.

मी विचारलं, मग माझं एवढं तोंड का ऐकून घेतलंत. ते म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर सरांनी वहीत काय लिहिलं असतं? बायकांना ढोल सांभाळता येत नाही. ते पुसायला तुमच्या पोरींनाही जमलं नसतं. माझ्या कातड्याचं काय, पुढचा ढोल चांगला निघाला की लोक विसरतात." मग बजावून सांगितलं की ही गोष्ट नदीवरच ठेवायची. मला शरमेनं रडायला येत होतं आणि रागही येत होता. राग त्यांचा नव्हता.

लोक विसरले नाहीत. डुबलनं विसरू दिलं नाही. वायदंड्याचं कातडं कच्चं, हे त्यानं आसपासच्या सात गावांत पोचवलं. वर्षभरात तीन पथकं तालुक्याच्या दुकानाकडं वळली. अण्णा पीठ चाळायच्या चाळण्यांना जाळी बसवून द्यायला लागले. महिन्याला ज्वारी घेऊन माझ्या गिरणीवर यायचे, पथकाची चौकशी करायचे, ढोल ढिले ठेवता ना विचारायचे. बाकी अवाक्षर नाही. ते गेले की माझा जीव जळायचा. दोनदा मी बोलायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी पीठ जरा जाडसर झालंय म्हणून विषय बदलला.

पुढच्या चैत्रात जत्रेच्या आधी देवळाच्या मंडपात बैठक भरली. सहा पथकांची साठेक गडीमाणसं आणि कोपऱ्यात आम्ही दोघी, मी आणि नंदा. अण्णा नव्हते. त्यांना त्या मंडपात कुणी कधी बोलावलंच नव्हतं. ज्याच्या हातची वाद्यं देवापुढं वाजतात त्याला तिथं बसायला घोंगडीचा कोपरा नव्हता, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. देवधरसरांनी वही उघडली आणि ठराव वाचला. देवापुढं पान फुटणं अशुभ, तरी यापुढं कुठल्याही पथकानं वायदंडे यांच्याकडची वाद्यं मिरवणुकीत आणू नयेत. हरकत असल्यास सांगावी.

मी उठले. नंदानं या वेळी कोपर दाबलं नाही.

"गेल्या साली सात पानं फुटली ती माझ्यामुळं," मी म्हटलं. "ढोल ताणलेले ठेवा, असं मी सांगितलं होतं. अण्णांचं कातडं चांगलं होतं. ते आमच्यासाठी खोटं बोलले आणि मी वर्षभर गप्प बसले."

मंडपात कुजबूज झाली. सरांनी चष्मा सारखा केला. "म्हणजे बायकांना ढोल सांभाळता येत नाही, असं तुम्हीच म्हणताय. तसं लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. "पण आधी एक करा. इथं बसलेल्यांपैकी ज्यानं पहिल्या साली ताणलेला ढोल तसाच ठेवून पान फोडलं नाही, त्यानं हात वर करावा. जेवढे हात वर होतील तेवढ्यांच्या सहीनं आमचं नाव काढून टाका."

खरं सांगते, मला उत्तर ठाऊक नव्हतं. रागात बोलून गेले. वीस हात वर झाले असते तर आमचं पथक तिथंच संपलं असतं, आणि नंदानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते.

एकही हात वर झाला नाही.

माणसं सतरंजीकडं बघत होती. मग डुबलच्याच पथकातले किसनबापू, सत्तरीतले ताशेवाले, खाकरले. "मला दगडू म्हणाला होता, बोकड म्हातारं होतं," ते म्हणाले. पलीकडून कुणीतरी सांगितलं की त्याला, कातडं कमावताना मीठ कमी पडलं, असं सांगितलं होतं. तिसऱ्याला कडं वाकडं असल्याचं सांगितलं होतं. चौथ्यालाही बोकड म्हातारंच होतं. एकेक जण बोलायला लागला आणि दुसऱ्याचं ऐकून चमकायला लागला. प्रत्येकाला इतकी वर्षं वाटत होतं की आपल्यालाच तेवढा खराब माल मिळाला. वायदंड्याच्या कच्च्या कातड्याची सगळी कीर्ती त्या मंडपात बसलेल्यांनी स्वतःच्या हातांनी केली होती, आणि अण्णांनी ती एकट्यानं वागवली होती.

विलास डुबल सगळ्यांत शेवटी बोलला. माझ्याकडं बघून, हळू. "मी तर भांडलो होतो, वहिनी. तुमच्यासारखाच. दुकानात जाऊन."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मी पुढं गेले, त्यांच्या हातातून वही घेतली, पेन मागून घेतलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं: गेल्या साली सात पानं फुटली, चूक शालन कणसेची. खाली सही केली. कुणी अडवलं नाही.

तिथून तडक अण्णांच्या दुकानात गेले. मला वाटलं होतं, माणूस खूश होईल. बातमी माझ्याआधी पोचली होती आणि अण्णा भडकलेले होते. दोन महिन्यांच्या शिकवणीत मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं होतं?" ते म्हणाले. "नवं पोरगं पहिल्या साली पान फोडून येतं तेव्हा तोंड कसं झालेलं असतं बघितलंयस कधी? तिथंच त्याला तुझी चूक म्हटलं की ते ढोल खाली ठेवतं ते पुन्हा उचलत नाही. कातड्याला नाव ठेवलं की मला शिव्या घालतं आणि दुसऱ्या दिवशी वाजवायला येतं. आता गावभर झालं. आता पुढच्या पोरांना काय सांगू मी?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "माझं नाव सांगा," मी म्हटलं. "म्हणावं, रडतोस काय, शालन कणसेनं एका दुपारी सात फोडली होती. आणि चार तासांनी पालखीपुढं वाजवत होती."

अण्णा हसायला लागले आणि आतून माझ्यासाठी पाट आणला.

ठराव झालाच नाही. डुबल दुसऱ्या दिवशी अण्णांच्या दारात गेला, काय बोलला ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पुढं अण्णा चौदा वर्षं दुकानात बसले, आता त्यांचा नातू बसतो. नवं पोरगं किंवा पोरगी फुटकं पान घेऊन आली की तोही आजोबांनी सांगून ठेवलेलं तसंच सांगतो. फक्त आकडा वाढत चाललाय. परवा गिरणीवर एक पोरगी आली, हाताला ताजे फोड आलेले. मला म्हणाली, काकू, तुम्ही खरंच एका दुपारी एकवीस ढोल फोडले होते?

मी म्हटलं, हो.